कढीपत्ता स्वच्छ होता

ही गोष्ट मी नितीनलासुद्धा सांगितलेली नाही. नवरा आहे माझा. मी चहात साखर कशी ढवळते त्यावरून माझं काय बिनसलंय ते कळतं, असा त्याचा दावा आहे. हे नाही कळलं त्याला. मी कळू दिलं नाही. आईला एकदा फोनवर सांगायला गेले होते — पण आईला आधी गांजा समजावून सांगावा लागला असता, आणि मग बाकीचं राहूनच गेलं असतं.

हो, गांजा. हसू नकोस, आणि दचकूही नकोस. ओढण्याची गोष्ट नाही ही. त्या झाडांवर पडलेल्या किडीची गोष्ट आहे. म्हणजे — किडीचीही नाही. कशाची ते येईलच. सरळ सांगता आलं असतं तर तीन वर्षं गप्प बसले असते का मी?

आधी किडीबद्दल बोलू दे. तिच्याबद्दल बोलताना निदान आवाज चढतो माझा. लाल कोळी म्हणतात तिला. कोळी म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा येईल, तो नव्हे. हा टाचणीच्या टोकाहून बारीक. आणि लाल म्हणायचं तेही नावालाच; आमच्याकडचे चांगले फिकट हिरवे होते, पानावर पान होऊन बसलेले. पानाच्या पाठीला चिकटतात आणि रस पितात. वरून तुला फक्त पिवळट ठिपके दिसतात, कुणीतरी बारीक रवा सांडल्यासारखे. तू म्हणतेस, पाणी कमी पडलं असेल. तू पाणी घालतेस. आठवड्याने शेंड्यावर जाळी दिसते, आणि त्या जाळीवर ते निवांत चालत असतात. तोवर आज्या, पणज्या, खापरपणत्या सगळं खानदान नांदायला लागलेलं असतं. ऊन आणि कोरडी हवा म्हणजे त्यांना माहेर. आणि फ्रीमाँटमध्ये उन्हाळ्यात दुसरं असतंच काय?

आता ती झाडं कुणाची, ते सांगते.

सबनीस काका-काकूंची. त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. माझ्या ओट्यासमोरची खिडकी त्यांच्याच बॅकयार्डमध्ये उघडायची. काका रिटायर्ड इंजिनियर. जन्मभर पूल बांधलेला माणूस. शालूकाकूंना कॅन्सर होता, किमो चालू होती, आणि पोटात काही म्हणजे काही ठरत नव्हतं. वरणाचं पाणी दिलं तरी उलटून पडायचं. त्यांच्या डॉक्टरनेच सुचवलं. कॅलिफोर्नियात तेव्हा डॉक्टरने लिहून दिलं की पेशंटसाठी घरी थोडी झाडं लावायला राज्याची हरकत नव्हती. विकत मिळायची जागाही होती. काका एकदा गेले तिथे, आणि रागाने लाल होऊन परत आले. काउंटरवरच्या पोराने त्यांना ‘ड्यूड’ म्हटलं होतं. शिवाय झाडांवर काय फवारलंय ते त्याला सांगता येईना. "माझ्या बायकोच्या पोटात जायचंय ते. मी स्वतः लावणार," काका म्हणाले. तुपात उकळून, गाळून, त्यातलं चमचाभर शिऱ्यात घालायचं असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. काकू त्या झाडांना महादेव म्हणायच्या. सकाळी खिडकीतून विचारायच्या, "पाणी घातलं का हो महादेवांना?"

आणि मी? मी बी.एस्सी. अ‍ॅग्री. सांगलीकडची. लग्न करून एच-फोरवर आलेली — म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला टाचून आलेली, नोकरी करायची नाही. कुठेही जेवायला गेलं की प्रश्न ठरलेला. तू काय करतेस? सध्या काही नाही, असं म्हटलं की समोरची बाई लगेच ताटातल्या बटाट्याच्या भाजीचं कौतुक करायला लागायची. दोन वर्षं मी ते कौतुक ऐकलं. कॉलेजात कीटकशास्त्रात पहिली आलेली मुलगी मी! इथे त्याचं कुणाला काय होतं?

सबनीस काकांना होतं. मी शेतीचं शिकले आहे म्हटल्यावर त्यांनी मला जी हाक मारायला सुरुवात केली ती अशी — "ए अ‍ॅग्रीकल्चर, इकडे ये." माती किती, पाणी किती, नर झाडं कुठली, ती उपटायची कधी, सगळं मला विचारून. मी पुस्तकं आणून वाचली, कंबर कसून कामाला लागले. पहिल्यांदा त्या देशात मी कुणीतरी झाले होते. तुला हे क्षुल्लक वाटेल. मला तेव्हा वाटत नव्हतं.

आता कुंदामावशी. त्यांना आणायला मी मुद्दाम उशीर करतेय, आलं ना लक्षात?

कुंदामावशी काकूंच्या मैत्रीण. दोघी एकाच वर्षी अमेरिकेत आलेल्या, कोथिंबिरीची काडी मिळायची नाही त्या काळात. एका लुगड्यात दोघी वाढल्यासारख्या भांडायच्या. मावशींचं घर गाडीने दहा मिनिटांवर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या यायच्या, दारातूनच "शाले, जिवंत आहेस का?" असं ओरडत. काका कपाळाला हात लावायचे. काकू हसायच्या. किमोने काकूंच्या भुवया गेल्या होत्या, आणि मावशी पर्समधून पेन्सिल काढून त्यांना भुवया काढून द्यायच्या. डावी नेहमी वर चढायची. मग दिवसभर काकू कशावर तरी शंका घेतल्यासारख्या दिसायच्या, आणि आरशात बघून दोघी फिदीफिदी हसायच्या. काकू दुसऱ्या कुणाच्या हातून भुवया काढून घ्यायच्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "नको गं, तू सरळ काढशील."

मावशींच्या दारात कढीपत्त्याचं झाड होतं, वीसेक वर्षांचं. नवीन मराठी कुटुंब आलं की त्याचं एक पिल्लू कुंडीत घालून त्या देऊन यायच्या. गावातल्या निम्म्या मराठी फोडण्या त्यांच्याच जिवावर चालायच्या. काकूंनाही त्यांनी जूनमध्ये एक ताजी कुंडी आणून दिली होती. मागच्या दाराशी ठेवलेली. महादेवांपासून हातभर अंतरावर.

गणपती होऊन गेले आणि एका सकाळी काकांनी हाक मारली. "अ‍ॅग्रीकल्चर, हे काय पांढरं पांढरं?" मी पान उलटं केलं. लाल कोळी. झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती, तुरे भरत आले होते, दसऱ्याच्या सुमाराला काढायचे असं ठरलं होतं — आणि आता? हातातोंडाशी आलेलं पीक. फवारायचं काय? जे फवारलं ते तुऱ्यात बसणार, तुपात उतरणार आणि काकूंच्या पोटात जाणार. काकूंच्या अंगात तेव्हा साधी सर्दी झेलायची ताकद नव्हती. म्हणजे औषध नाही. साबणाचं पाणीसुद्धा खालच्या पानांनाच. तुऱ्यांना ओलं केलं तर बुरशी. सगळीकडून कोंडी.

पुढचे दिवस म्हणजे नुसता डोक्याला ताप. काकांना कुणी काय सांगेल ते ते करून बघायचं होतं. तंबाखूचं पाणी — मी नाही म्हटलं. हिंगाचं पाणी — नाही म्हटलं. हळद — अहो काका, लोणचं घालायचंय का? मग ते नर्सरीतून लेडीबग, म्हणजे कीड खाणारे ते ठिपकेवाले भुंगे, घेऊन आले, पिशवीभर. मी सांगितलं होतं, संध्याकाळी सोडा, गारव्यात. हे भर बारा वाजता पिशवी उघडून मोकळे! सगळे लेडीबग उडाले आणि शेजारच्या बाईच्या गुलाबांवर जाऊन बसले. तिने फेन्सवरून थँक्यू म्हटलं. मग काकांनी घरातला व्हॅक्यूम क्लीनर लांब वायर लावून बाहेर आणला, आणि पूल बांधणारा तो माणूस हॅट घालून एकेक पान उलटं करून व्हॅक्यूम करत उभा राहिला. काही कोळी त्यात गेलेही असतील. सकाळी परत तेवढेच. वैताग, वैताग नुसता. काका माझ्यावर खेकसायचे, मी नितीनवर खेकसायचे, आणि कोळी आपले जाळ्यावरून येरझाऱ्या घालायचे.

आणि मग काकांनी तो प्रश्न विचारला. इंजिनियरच तो. पूल पडला तर आधी विचारणार, तडा कुठून गेला. "हे आले कुठून?"

इथे मला थोडं मागं जावं लागेल.

जुलैत मी एका नर्सरीत गेले होते. मागच्या कोपऱ्यात, मरायला टेकलेली, धूळ खाल्लेली झाडं स्वस्तात काढून ठेवली होती, त्यात एक मोगरा होता. विकत घ्यावा असा नव्हताच तो. आणि आमच्याकडे बायकांची समजूत तुला माहीत असेल — मागून आणलेलं रोप रुसतं, गुपचूप खुडून आणलेलं जोमानं लागतं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बागा अशाच झालेल्या. मी इकडेतिकडे बघितलं, एक फांदी मोडली आणि पर्समध्ये टाकली. काकू एकदा म्हणाल्या होत्या की मोगऱ्याचा वास घ्यावासा वाटतो. त्यांच्यासाठी आणली असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण खोटं आहे ते. मला हवा होता म्हणून आणली. घरी येऊन फांदी कुंडीत खोचली आणि कुंडी कुठे ठेवली? आमच्या दाराशी ऊन फार, म्हणून महादेवांच्या सावलीत, त्यांच्या बुंध्याजवळ. तिथे दमटपणा असतो ना.

नवीन झाड आणलं की ते आधी वेगळं ठेवायचं, पानं मागून-पुढून बघायची, हे कीटकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी ते काकांनाही ऐकवलं होतं, चांगलं लेक्चर देऊन. फक्त फांदीला मी झाड धरलं नाही. का नाही धरलं? अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

तर काकांनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं का? नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. पण त्याच दुपारी, काका आत गेल्यावर, मी माझं कॉलेजचं भिंग काढलं. आधी कढीपत्ता बघितला. एक पान सोडलं नाही. शेंडे, देठ, पानांच्या पाठी. काही नाही. एक ठिपका नाही, एक अंडं नाही. मावशींनी पुसून दिल्यासारखी पानं. मग मी मोगऱ्याची कुंडी ओढली. भिंगाची गरजच पडली नाही. देठाच्या बेचक्यांत जुनी, धुरकट जाळी होती, केव्हापासूनची कोण जाणे. वरचं गांजाचं पान मोगऱ्याच्या शेंड्याला टेकलं होतं. त्याच वाटेने वर गेले सगळे.

मी काय केलं? कुंडी पदराखाली — पदर कसला, टी-शर्टखाली — झाकून बाथरूममध्ये नेली आणि दार लावून घेतलं. आणि काका परत बाहेर आले तेव्हा मी महादेवांसमोर उभी होते, भिंग हातात घेऊन, एक्स्पर्टसारखी. म्हणाले, "सापडलं काही?"

मी म्हटलं, "कढीपत्त्यावरून आले असणार."

एवढंच. चोरी सांगावी लागेल म्हणून नव्हे हं. एक फांदी तोडली तर काका हसले असते. कीटकशास्त्रात पहिली आलेल्या बाईनेच कीड आणून सोडली, हे मला तोंडातून काढता येईना. त्या घरात मी ‘अ‍ॅग्रीकल्चर’ होते. उद्यापासून मी परत बटाट्याच्या भाजीचं कौतुक ऐकणारी होणार, हे दिसलं मला. आणि मी मावशींना पुढे केलं.

काकांचं डोकं आधीच फिरलेलं. बायकोसाठी त्या माणसाला करता येण्यासारखं ते एकच काम उरलं होतं, आणि ते हातातून चाललं होतं. त्यांनी तडक फोन लावला. कुंदाताई, तुमच्या कढीपत्त्याने घात केला, हार्वेस्ट होईपर्यंत इकडे येऊ नका, कपड्यांवरून येतात म्हणे हे. ‘म्हणे’ म्हणजे मी म्हटलं होतं. ते माझ्याच लेक्चरमधलं. काकांनी स्पीकर लावलेला होता, व्हॅक्यूमच्या आवाजाने त्यांचे कान बधिर झाले होते. त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू आलं. मावशी आधी हसल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "अरे देवा, माझ्या झाडावरून? बरं, मी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून येते. पुढच्या दाराने येते आणि पुढच्या दाराने जाते. मागे फिरकत नाही, मग तर झालं? शालूला भुवया कोण काढून देणार?"

काकांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर इतकं साधं विचारणं होतं. "चालेल का गं असं? तू सांग."

इथपर्यंत यायला मला एवढा वेळ लागला. आता थांबत नाही.

चालणार होतं. न चालायला काय झालं होतं? झाडं मागे, काकूंची खोली पुढे, मध्ये दोन दारं. आणि मावशींच्या कढीपत्त्यावर एकही कोळी नव्हता, हे मला त्या क्षणी जगात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. पण मावशी आल्या असत्या तर गप्प बसल्या असत्या का? त्या कढीपत्ता बघायला मागे आल्याच असत्या. म्हणाल्या असत्या, दाखव कुठे आहे कीड. वीस वर्षं ते झाड वाढवलेली बाई; तिला पान कळत नाही? त्या पान उलटं करणार आणि मग माझ्याकडे बघणार.

मी म्हटलं, "रिस्क नको, काका."

काकांनी मान हलवली आणि फोनवर तेच सांगितलं. "अ‍ॅग्रीकल्चर म्हणतेय, रिस्क नको." पलीकडून मावशी "बरं" म्हणाल्या. फक्त बरं.

मग मावशी आल्या नाहीत. मानी बाई. फोन केले त्यांनी सुरुवातीला, पण काकूंच्या तोंडात फोड आले होते, फोनवर बोलणं बंद झालं होतं. काका सांगायचे, झोपलीय. मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणाला त्या दिवाळीनंतर टेक्सासला, प्लेनोला जाणार होत्या. इथे येऊ नका म्हटल्यावर त्या लगेचच निघून गेल्या. जाण्याआधी त्यांनी काय केलं ठाऊक आहे? ज्या ज्या घरी कढीपत्त्याची पिल्लं दिली होती तिथे तिथे फोन करून सांगितलं, माझ्या झाडाला कीड आहे, सॉरी, टाकून द्या. आणि दारातलं ते वीस वर्षांचं झाड माणूस बोलावून मुळासकट काढून टाकलं. मला हे नितीनच्या मित्राच्या बायकोकडून कळलं. तिने कुंडी फेकली होती आणि फोडणीला आता काय घालू, असं मला विचारत होती.

काकूंना काकांनी सांगितलं की कुंदाला सर्दी झालीय, तुला लागायला नको. काका खोटं बोलणारे नव्हेत, पण बायकोला किडीबद्दल कळलं तर तिचा जीव खालीवर होईल, असं त्यांना वाटलं. मी दुपारी काकूंजवळ बसायचे. पेन्सिल मावशींच्या पर्समध्येच गेली होती. मी दुसरी आणली होती, पण काकूंनी हाताने नको अशी खूण केली. बिनभुवयांचा चेहरा रिकामा रिकामा दिसतो गं. डोळ्यांना काही छप्परच नसतं.

एक दिवस त्यांनी मला विचारलं, एकेक शब्द सांभाळत, कारण फोड दुखायचे. "कुंदाला खरंच सर्दी आहे का गं?"

मी हो म्हटलं.

त्या खिडकीकडे वळून म्हणाल्या, "इतके दिवस सर्दी नसते तिला. रागावलीय ती. मी त्या दिवशी म्हटलं ना, तुझ्यापेक्षा सबनीस फूटपट्टी लावून बरी भुवई काढतील. लागलं असेल मनाला. मला मेलीला कळायला नको होतं का?" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आली की सांगेन तिला, वाकडीच काढ म्हणून."

तिथे मी बोलू शकले असते. काकू, असं काही नाही, मीच येऊ दिलं नाही त्यांना. एक वाक्य. खोलीत आम्ही दोघीच होतो. काकू मला रागावल्यासुद्धा नसत्या. मी त्यांचा हात धरून बसले आणि मूग गिळले. वर म्हटलं, "येतील हो काकू." प्लेनोचं तिकीट झालेलं मला माहीत असताना.

पीक आम्ही ठरल्याच्या आधीच काढलं. निम्मे तुरे जाळीने मढले होते, ते काळ्या पिशवीत भरून टाकून दिले. बाकीचे धुतले, वाळवले, काकांनी चष्मा लावून एकेक तपासला. बरणीभर तूप झालं, हिरवट. त्याच आठवड्यात काकूंना ताप भरला आणि हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. त्या तुपातला चमचासुद्धा त्यांच्या पोटात गेला नाही. काकांनी मावशींना फोन केला, मावशी मिळेल त्या विमानात बसल्या. त्या उतरल्या तेव्हा काकू गेल्या होत्या.

फ्युनरल होममध्ये मावशी आल्या त्या कुणाशी बोलल्या नाहीत. काकूंजवळ गेल्या, पर्स उघडली, पेन्सिल काढली, आणि भुवया काढायला लागल्या. दोन्ही सरळ आल्या, सारख्या. मागे सरून बघितलं आणि म्हणाल्या, "ही काय शालू नाही." आणि बोटाने डावी पुसून त्यांनी ती परत काढली, वर चढवून. मी तिथे फुलांची परडी धरून उभी होते.

काका आता मुलाकडे गेले. घर विकलं. आम्ही जवळच अपार्टमेंट घेतलं. त्या मोगऱ्याचं विचारशील तर — जगला. बाथरूममध्ये रोज धुऊन, साबण लावून, मी त्याच्यावरचा एकेक कोळी घालवला. त्या सगळ्यात माझ्या हातून एवढं एक झाड वाचलं. आता अंगभर फुलतो. आवडतो का मला? वास आला की मी खिडकी लावून घेते. फेकत मात्र नाही. चिडते त्याच्यावर, पाणी घालते, परत चिडते.

कुंदामावशी भेटतात. देवळात, कुणाच्या मंगळागौरीला. पहिल्या वर्षी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "शेवटी तू होतीस तिच्याजवळ. काही म्हणाली का गं माझ्याबद्दल?" मी म्हटलं, नाही, फार बोलवत नव्हतं त्यांना. मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "तू होतीस ते बरं झालं. माझ्या झाडाने तिचं औषध खाल्लं बघ."

आणि दर उन्हाळ्यात त्या मला एक विचारतात. विचारणार कुणाला? मी शिकलेली. "आता लावू का गं कढीपत्ता? जमीन साफ झाली असेल ना?" लाल कोळ्याला जमीन लागत नाही. तिथे कधी काही नव्हतंच. पहिल्या वर्षी मी म्हटलं, घाई नको. दुसऱ्या वर्षी म्हटलं, अजून थोडं थांबा. का म्हटलं? लावा म्हटलं तर त्या विचारतील, मग त्या वेळी कीड कशी लागली होती, म्हणून. घाबरट बाई आहे मी. इतकी घाबरट की मावशींच्या दारातल्या रिकाम्या मातीलासुद्धा भिते.

परवा त्यांनी परत विचारलं. फोनवर. त्यांचा आवाज आता थकलाय. मी म्हटलं, लावा मावशी, काही होत नाही. त्या एकदम खूश झाल्या. आणि मग म्हणाल्या, "तू येऊन एकदा भिंगातून बघून जा बाई. मला आता माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही वाटत, त्या वेळी एवढी कीड होती आणि मला दिसली नाही."

मी येते म्हटलं.

नव्हती कीड, मावशी. तुमचे डोळे चांगले आहेत. कढीपत्ता स्वच्छ होता. मी त्याच दुपारी बघितला होता. आणि शालूकाकू म्हणाल्या होत्या, वाकडीच काढ.